सव्वाअकराला तहकूब

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
राधानगरी,
२० फेब्रुवारी

प्रिय उदय,

आज पहाटेच्या एसटीने कोल्हापूरला आलो. आधी अंबाबाईच्या पायरीवर पिराजीमामांच्या नावाने हात जोडले आणि साडेदहाला महापालिकेच्या सभागृहात, वरच्या सज्ज्यात जाऊन बसलो. तुला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तू खाली बोलावून चहा पाजला असतास आणि जे बघायला आलो ते राहून गेलं असतं. पिराजी गवळी नावाच्या माणसाला हे शहर कसा निरोप देतं, एवढंच मला बघायचं होतं.

सुरुवातीला जे दिसलं त्याने डोकं फिरलं. एक नगरसेवक बाकावर रेलून मोबाईलवर कुस्ती बघत होता. दोघे तुझ्या, महापौराच्या आसनापाशी येऊन बोलत होते, ते वरपर्यंत ऐकू आलं. "साहेब, इषय उरकून घिऊ की आधी. म्हातारं काय पळून चाललंय व्हय?" आणि पहिल्या बाकावरचे सगळे हसले. ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी म्हसोबाची खण, म्हशी डुंबतात ते तळं, वाचवली, स्वतःचा वॉर्ड तुझ्यासाठी सोडला, आयुष्यभर दूध कट्ट्यावर उभं राहून लोकांना समोर धार काढून दूध पाजलं, त्याला मरून तीन दिवस झाले नाहीत तोवर हे हसणं.

मग तू उठलास. "आधी श्रद्धांजली. त्यानंतर आज काहीही नाही," एवढंच म्हणालास. खणीच्या खटल्याची आठवण सांगताना तुझा आवाज एकदा अडकला. बाकी कुणाला कळलं नसेल, मला कळलं.

कोर्टात बसलं की वेळ घालून लिहायचं ही मी तुझा कारकून असताना तूच लावलेली सवय. सज्ज्यातही वही उघडून बसलो होतो. अकराला सभा सुरू. अकरा पाचला तुझं भाषण. मग दोन मिनिटं स्तब्धता. सव्वाअकराला सभा तहकूब. बाकीचं पान कोरं आहे आणि ते कोरं आहे याचा मला अभिमान वाटतो.

फोन केला असता, पण तुझा फोन आता दुसरंच कुणीतरी उचलतं. तू पुण्याला लॉ कॉलेजात होतास तेव्हापासून आपण लिहीत आलो आहोत. ते सुरू राहू दे.

तुझा,
आकाराम

•

महापौर निवास, कोल्हापूर
२४ फेब्रुवारी

प्रिय आक्या,

महापौर झाल्यापासून या छापील कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं हे पहिलंच पत्र. आधीची सगळी दुसऱ्यांनी लिहिलेली आणि मी सही केलेली.

सज्ज्यात बसून गेलास आणि भेटला नाहीस. याची शिक्षा म्हणून पुढच्या वेळी दोन वाट्या तांबडा रस्सा.

तू हसणं ऐकलंस ना? त्यांना आठ विषय त्याच दिवशी मंजूर करून हवे होते. वरून फोनही आला. मी सांगितलं, माजी सदस्य गेला की श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करायची ही या सभागृहाची जुनी रीत आहे, आणि पिराजीमामांसाठी ती मोडली तर मी या खुर्चीत बसायच्या लायकीचा नाही. एकही विषय पुकारू दिला नाही. सव्वाअकराला तहकूब केली आणि गाडी सोडून चालत मामांच्या घरी गेलो. सोप्यात, पुढच्या पडवीत, मांडी घालून बसलो. त्यांच्या सुनेने, शालूबाईंनी ताक दिलं. दीड-दोन वाजेपर्यंत तिथेच होतो. त्या म्हणाल्या, "आता आमच्या खणीकडं कोण बघणार?" मी म्हटलं, मी आहे.

आठवतंय का, निकाल लागला त्या दिवशी मामांनी कोर्टाच्या फाटकाबाहेर म्हैस आणून उभी केली होती? माझ्या आयुष्यातली पहिली फी. पितळी ग्लासात, वर चार बोटं फेस. न्यायाधीशांनी विचारलं होतं, विषयपत्रिकेवर नसलेला विषय ऐनवेळी घुसडून महापालिका तळं विकते काय? त्या एका प्रश्नावर माझी सगळी वकिली आणि सगळं राजकारण उभं आहे. तीन वेळा नगरसेवक, मग स्थायी समिती, आता ही खुर्ची. कधी वाटतं त्या फेसानेच निवडून आणलं मला.

तुझ्या लेकीला, अवनीला सांग, वकिलीची सनद हातात आली की माझ्या ऑफिसातलं खिडकीजवळचं टेबल तिचं. माझ्या ज्युनिअरांना बजावून ठेवलं आहे.

तुझा,
उदय

•

महापौर निवास, कोल्हापूर
६ एप्रिल

प्रिय आकाराम,

तुझं पाडव्याचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, राग धरू नकोस. धावपळ चालली आहे. महापौरपदाचे माझे दहा महिने संपले की पुढे प्राधिकरणाचं अध्यक्षपद मिळेल असं दिसतं. अजून कुठे बोलू नकोस.

एक काम होतं. जूनमध्ये मला पन्नास पूर्ण होतात. मंडळी गौरवग्रंथ काढायचं म्हणत आहेत. त्यात आपली जुनी पत्रं घ्यावीत असं मला वाटतं. माझी जेवढी पत्रं तुझ्याकडे आहेत तेवढी सगळी पाठवून दे. झेरॉक्स नको, मूळ हवीत, छपाईला अक्षर नीट येतं. या वर्षीचीही घाल. तुला त्रास नको म्हणून माणूस पाठवतो, कोणत्या दिवशी घरी आहेस ते कळव.

तुझा,
उदय

•

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
राधानगरी,
१२ एप्रिल

प्रिय उदय,

तुझं पत्र वाचून फार आनंद झाला. माणूस पाठवू नकोस. शुक्रवारी देवीला येणारच आहे, तेव्हा गठ्ठा मीच हातात देईन. टपालावर किंवा दुसऱ्यावर माझा विश्वास नाही.

दोन दिवस संध्याकाळचं भजन चुकवून पत्रं लावत बसलो. एकशे त्रेचाळीस निघाली. पुण्याच्या मेसमधल्या आमटीला तू दिलेल्या शिव्या गौरवग्रंथात घेणार का ते तुझं तू ठरव. पहिला खटला हरल्यावर तू लिहिलं होतंस, "आकाराम, वकिली सोडतो आणि तुझ्याबरोबर भात लावायला येतो." त्यानंतर सहा महिन्यांनी मीच गाव सोडून तुझा कारकून झालो आणि एकोणीस वर्षं तुझ्या फायली बांधल्या. तू महापौर होऊन ऑफिस ज्युनिअरांवर सोपवलंस तेव्हा मी परत म्हशींकडे आलो. बघ, कुणाचं काय ठरलेलं असतं.

सगळ्यात वर फेब्रुवारीतलं पत्र ठेवलं आहे, पिराजीमामांच्या सभेचं. एकशे त्रेचाळीसांत तेच मला सर्वात चांगलं वाटतं. ग्रंथात ते पहिलं छापा. अवनीने वाचलं आणि म्हणाली, "बाबा, काका असे असतील तर मला राजकारणाबद्दल वाईट बोलता येणार नाही."

गठ्ठा देव्हाऱ्याच्या लाल कापडात बांधला आहे.

तुझा,
आकाराम

•

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
राधानगरी,
१९ एप्रिल

उदय,

शुक्रवारी गठ्ठा घेऊन आलो होतो. तुझ्या फाटकापर्यंत आलो आणि परत फिरलो. का, ते लिहितो.

देवीचं दर्शन झाल्यावर वाटेत दूध कट्ट्यावर थांबलो. मामा गेल्यापासून शालूबाई उभ्या राहतात तिथे. मला बघून हातातली चरवी खाली ठेवली आणि चार माणसांत म्हणाल्या, "या पावणं. म्हापौराच्या घराकडं निघालासा जणू?"

मी म्हटलं, "व्हय, शालूबाई. जरा काम हाय."

"मग आमचाबी निरोप सांगा की. म्हणावं, दोन मिंटं गप हुबं ऱ्हायलासा आणि तेवढ्यात खण गिळलासा. लई भूक लागलीती व्हय?"

मला काही समजेना. त्यांनी पदराच्या गाठीतून पेपरचं कात्रण काढलं. जाहीर सूचना, इतक्या बारीक अक्षरात की चष्मा काढून डोळ्यांजवळ धरावी लागली. म्हसोबाची खण आणि भोवतालची जागा, तिच्यावरचं जलाशयाचं आरक्षण उठवून वाहनतळ व व्यापारी संकुल. महासभेचा ठराव, दिनांक २० फेब्रुवारी. हरकती असल्यास एक महिन्यात.

मी म्हटलं, "तारीख चुकली असंल. त्या दिवशी मी तिथं हुतो. कायबी झालं न्हाई."

शालूबाई हसल्या. ते हसणं माझ्या कानातून जात नाही. "आकारामभाऊ, मला लिवाय-वाचाय येत न्हाई. पर सासऱ्याच्या नावानं सभा मोडली त्यो दिस कुठला, ते ठावं हाय की!"

तिथून सरळ महापालिकेत नगरसचिवांच्या ऑफिसात गेलो. टेबलावरचा कारकून मला कोर्टापासून ओळखतो. इतिवृत्ताची वही त्याने समोर टाकली. वाचलं. २० फेब्रुवारी, महापौर अध्यक्षस्थानी. विषय एक ते आठ मंजूर. त्यानंतर ऐनवेळचा विषय क्रमांक चार, म्हसोबाची खण, सर्वानुमते मंजूर. आणि सगळ्यात शेवटी: माजी सदस्य कै. पिराजी गवळी यांना श्रद्धांजली वाहून सभा दुपारी एक चाळीसला समाप्त.

खाली तुझी सही. एकोणीस वर्षं त्या सहीवर मी शाई वाळवली आहे. ती खोटी आहे असं म्हणायची सोय तू मला ठेवली नाहीस.

एक चाळीसला तू कुठे होतास उदय? मामांच्या सोप्यात मांडी घालून त्यांच्या सुनेच्या हातचं ताक पीत होतास. तूच लिहिलं आहेस. माझ्या पिशवीत लाल कापडात होतं ते. आणि तुझ्या फाटकासमोर उभं राहिल्यावर मला उमगलं की तुला पत्रं कशाला हवी होती. मूळच हवीत. या वर्षीचीही घाल. अरे, त्यासाठी पन्नाशी काढलीस? पुण्याच्या मेसमधली आमटी काढायला लावलीस मला? दोन दिवस मी भजन सोडून वेड्यासारखा हसत बसलो होतो त्या पत्रांवर.

गुन्हा करणाऱ्या माणसांचे जामिनाचे शेकड्यांनी अर्ज मी लिहिले आहेत. मला राग गुन्ह्याचा नाही एवढा. ज्या माणसाच्या नावाने सभा बंद केली, त्याच माणसाच्या सभेत त्याचीच खण विकली. दुसरी एक तारीख मिळाली नाही तुला? वर्षात बारा सभा असतात.

उत्तर दे.

आकाराम

•

कोल्हापूर
२३ एप्रिल

आकाराम,

सात वेळा फोन केला, उचलला नाहीस. म्हणून लिहितो. छापील कागदावर लिहीत नाही, त्याचं कारण तू ओळखशील.

पत्रांच्या बाबतीत मी सरळ विचारायला हवं होतं. चुकलं. गौरवग्रंथ मात्र खरा आहे.

आता बाकीचं. तुला सभागृहाची रीत वरच्या सज्ज्यातून दिसते, खालून वेगळी असते. ऐनवेळचे विषय सभेत कुणी वाचत नाही. नंतर सगळ्या पक्षांचे लोक बसून ते इतिवृत्तात बसवतात. वर्षानुवर्षं चालत आलं आहे. विरोधकांचेही दोन विषय त्याच सभेत बसलेत. म्हणून सर्वानुमते.

तारीख का तीच, असं विचारतोस. सांगतो. त्या दिवशी मी तहकूब केली म्हणून वरची माणसं चिडली. मला बोलावून घेतलं. एकजण म्हणाला, "वकीलसाहेब, लई भरून आलंतं नव्हं तुम्हांस्नी? मग तुमच्या मामाच्या सभेतच बसवा की ह्यो इषय. म्हणजे ध्यानात ऱ्हाईल." मी तीन दिवस सही केली नाही. पण खुर्चीवर बसायच्या आदल्या दिवशीच माझ्या सहीचा राजीनामा, तारीख न घालता, त्यांनी कपाटात ठेवून घेतला आहे. सगळ्यांचाच घेतात. दहा दहा महिन्यांच्या पाळ्या लावल्या की असंच असतं. चौथ्या दिवशी त्या कागदावर तारीख पडली असती आणि पुढचा माणूस हसत सही करून मोकळा झाला असता. खण वाचली नसती. मी मात्र गेलो असतो.

प्राधिकरणावर गेलो तर गवळ्यांसाठी शहराबाहेर पक्के गोठे, चांगला पाणवठा करता येईल. जिल्ह्याचं काम करता येईल. एका खणीसाठी ते सोडायचं? खण तशीही उन्हाळ्यात निम्मी आटते. तू गावात बसून पोथी वाचतोस, तुला सगळं स्वच्छ दिसतं. मला रोज चिखलात उभं राहून त्यातलं थोडं बरं निवडावं लागतं.

त्या पत्राचं काय करणार आहेस, ते कळव.

उदय

•

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
राधानगरी,
२७ एप्रिल

मा. महापौर साहेब,

आपलं पत्र पावलं.

नाही, हे मला जमत नाही. उदय म्हणूनच लिहितो.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. त्यात पिराजीमामांचं नाव एकदाही नाही. "तुमच्या मामाची सभा" असं तो कुणीतरी म्हणाला तेवढंच. शालूबाईंचं नाव नाही. म्हशी कुठे बसणार याचं उत्तर, शहराबाहेर पक्के गोठे. म्हैस उन्हात आठ मैल चालून पाणवठ्यावर जाते होय? आणि शहराबाहेरून ती रोज कट्ट्यावर येऊन लोकांसमोर धार देणार? तू गवळ्यांच्या केसमध्ये हेच बोलला होतास. शब्द न् शब्द. मीच टाईप केलं होतं ते. "पाणवठा हलवणे म्हणजे व्यवसाय बंद करणे होय." समोरच्या वकिलाने पक्क्या गोठ्यांचंच गाजर दाखवलं होतं आणि तू भर कोर्टात त्याची चेष्टा केली होतीस. त्याच गाजराला आता तू पान लावून माझ्यापुढे धरतोस.

खण आटते म्हणतोस. आटते. मी गेलो होतो परवा. कडेला म्हसोबाचा दगड आहे, त्याला कुणीतरी ताजा शेंदूर लावला होता. मधे निम्म्या पाण्यात अकरा म्हशी नाकं वर काढून बसल्या होत्या. त्यांना तुमचं इतिवृत्त माहीत नाही. एक बाई कडेला बसून हाका मारत होती, "ए पोरी, बाहेर ये की! का म्हापौराची वाट बघतीस?" शालूबाईच होत्या. मला बघून तोंड फिरवलं. एकोणीस वर्षं त्यांच्या घरी पाणी प्यालो आणि माझ्याकडे पाठ केली. ती पाठ तुझ्यासाठी होती, ती मला मिळाली.

तू म्हणतोस मी गावात बसून पोथी वाचतो म्हणून मला स्वच्छ दिसतं. मला काहीही स्वच्छ दिसत नाही. आठ दिवस झोप नीट नाही. पोथीचं पान उघडतो आणि अक्षरांवरून नजर घसरते. तुझा हात चिखलात आहे हे मला कळतं. पण मामांच्या सोप्यात बसून तू "मी आहे" म्हणालास. ते त्यांनी विचारल्यावर म्हणालास. न विचारता चार ओळीत लिहून मलाही कळवलंस. चौथ्या दिवशी सही करणाराही तूच. राजीनाम्यावर त्यांनी तारीख घातली असती तर काय झालं असतं? तू महापौर नसतास. वकील असतास. तो धंदा एवढा वाईट होता का रे?

अवनीला सगळं सांगितलं. तिला खूप राग आला, पण शेवटी म्हणाली, "बाबा, काकांनी ते पत्र तुम्हाला लिहिलंय. त्यांना न विचारता कुठे देऊ नका. ते बरोबर होणार नाही." मुलगी कायदा शिकतेय खरी. म्हणून विचारतो.

हरकतींची मुदत मे महिन्याच्या मध्यापर्यंत आहे. त्याआधी तू स्वतः सरकारला कळव की २० फेब्रुवारीला हा ठराव झालाच नाही. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. असा ठराव सरकार रद्द करू शकतं आणि महापौरच सांगतो म्हटल्यावर कुणाला नाही म्हणता येणार नाही. आठ मेपर्यंत वाट बघतो. तू हे केलंस तर मी पत्र लाल कापडातून काढणार नाही, आणि शालूबाईंच्या घरी तुला घेऊन जाईन. नाही केलंस तर ते पत्र मी हरकतीला जोडेन.

हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे फसवलं असं व्हायचं नाही.

आकाराम

•

कोल्हापूर
४ मे

आकाराम,

सरकारला पत्र पाठवणं मला शक्य नाही. माझ्याच सहीचं इतिवृत्त खोटं आहे असं मी लिहून दिलं तर माझ्यावर गुन्हा दाखल होईल. सनद जाईल. वीस वर्षं धुवून निघतील. तुला हे हवं आहे का?

तू माझा कारकून होतास. ऑफिसातला कागद पक्षकाराच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही, हे तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ते पत्र माझं आहे. तुझ्या देव्हाऱ्यात ठेवलं म्हणून तुझं होत नाही.

अवनीचं टेबल अजून रिकामं आहे. यात धमकी नाही. तुला तसं वाटेल म्हणून आधीच सांगतो.

पुन्हा एकदा विचार कर. शाळेत आपण एका बाकावर बसायचो. तुझ्या वडिलांच्या दहाव्याला मी नदीवर उभा होतो. एवढं तरी मनात आण.

उदय

•

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
राधानगरी,
९ मे

प्रिय उदय,

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ खरी आहे. तू उभा होतास. तुला पोहता येत नव्हतं तरी माझ्याबरोबर पाण्यात उतरला होतास. सात तारखेच्या संध्याकाळपर्यंत मी त्याच ओळीपाशी अडकलो होतो.

मग तू शिकवलेलंच आठवलं. ऑफिसातला कागद पक्षकाराच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही. खरं आहे. म्हणून पक्षकार कोण ते बघायला तू माझ्याकडे ठेवायला दिलेल्या जुन्या फायलींचं कपाट उघडलं. म्हसोबाच्या खणीची फाईल. पहिलं पान वकीलपत्र. खाली पिराजी गवळी यांचा अंगठा, शेजारी तुझी सही. ते वकीलपत्र कुणी रद्द केलेलं नाही, उदय. मामा वारल्यावर त्यांच्या जागी सूनबाई. काल मी शालूबाईंकडे गेलो आणि विचारलं, हा कागद देऊ का. त्या म्हशीच्या अंगावर पाणी मारत होत्या. वळून न बघता म्हणाल्या, "त्यात काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. तू ताक प्यालास, "मी आहे" म्हणालास तिथपर्यंत. त्यांनी बादली खाली ठेवली. मग म्हणाल्या, "चांगला हुता की वं त्यो." आणि थोड्या वेळाने, "द्या."

पत्र मला लिहिलेलं होतं, म्हणून तुला विचारलं. खण त्यांची होती, म्हणून त्यांना विचारलं. तू नाही म्हणालास, त्या हो म्हणाल्या. दोघांतलं एक मला निवडायला लागलं.

टेबलाबद्दल अवनीला सांगितलं. ती म्हणाली, "तिथं बसून मला काय शिकवणार? इतिवृत्त लिहायला?" ती आता गडहिंग्लजच्या एका वकीलबाईंकडे जाणार आहे. एसटीला दीड-दोन तास लागतात. जाईल.

आज सकाळी अंघोळ करून देवापुढे बसलो. मागणं काही मागितलं नाही. तुझं नाव घेतलं, सवयीने रोज घेतो तसं. मग प्रतिज्ञापत्र लिहिलं. एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावाने लिहीत आलो की सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की. आज पहिल्यांदा तिथे माझं नाव घातलं आणि पेन थोडा वेळ चालेना. मी सज्ज्यात होतो, एवढंच लिहिलं. अकराला सभा सुरू, सव्वाअकराला तहकूब. वहीतलं पान जोडलं, अर्धं लिहिलेलं आणि अर्धं कोरं. तुझं २४ फेब्रुवारीचं पत्र जोडलं, मूळ.

तुझी बाकीची एकशे बेचाळीस पत्रं या पाकिटासोबत लाल कापडात पाठवतो आहे. तुझ्या गौरवग्रंथाला लागतील. तुझ्यावर कसली आफत येईल ते मला माहीत नाही. आली तर फायली उचलायला माणूस लागेल. तेव्हा बोलाव, येईन. हेही खरं लिहितोय.

दुपारी बाराला महापालिकेत आवक टेबलावर हरकत दिली. तिथे नवा कारकून होता. कागद मोजता मोजता त्याची नजर छापील कागदावर गेली.

"हे कुणाचं पत्र, काका?"

"महापौरांचं."

त्याने सगळं वाचलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "म्हंजे म्हापौर तुमच्या बाजूनं हाईत व्हय?"

मी म्हटलं, "त्या दिवशी होते."

त्याने शिक्का मारला. पोच माझ्याजवळ आहे.

तुझा,
आकाराम